बिनमातीची भाजी

१२ जुलै
आज होडीतनं बेटावर आलो. मी, आमचे हे आन् सव्वा म्हयन्याची लेक प्रगती. भोरपतुर एस्टी, मग टेम्पो, मग होडी. पावसात धरण फुगलं की ही वस्ती चहूकडनं पान्यात आन् होडी बंद. म्हनून कुन्या संस्थेनं हितं शेड बांधलीया. माती न्हाईच. नळ्यांतनं खताचं पानी फिरतंय, वर पालक, मेथी, चवळई. बेटानं उपाशी ऱ्हाऊ ने म्हनून. ती राखायचं काम आमाला, खोलीबी शेडला लागूनच. शेजारची म्हातारी धोंडाबाई म्हनली, मातीबिगर भाजी म्हंजी नवऱ्याबिगर पोर गं बाई. लई हसले. चौथी शिकल्याली हाय मी, तरी हितलं समदं लिवनार.

१५ जुलै
प्रगतीची वाळल्याली नाळ आईनं फडक्यात बांधून दिलीय. म्हनली हुती, जिथं तुमचं पोट भरंल तिथं पूर, पोर तिथं रुजतं. आमाला जमीन न्हाई. बेटावर समदा कातळ, पहारबी लागंना. इचार केला, पोट तर शेडच भरनार. मोठ्या टाकीच्या पान्यात सोडली, हळदकुकू वाहिलं. ह्यांना सांगितलं न्हाई. नळ्यांच्या तोंडाची जाळी तुंबंल म्हनून वरडले असते.

२४ जुलै
होडी बंद झाली. पन भाजी अशी उटलीया की घरोघर जुड्या जात्यात. धोंडाबाई म्हनती, पालकाला दुधाचा वास येतुया, ग्वाड लागतोय. डोळं मिटून खाल्ला तिनं. प्रगती मातर किरकिरती. अंगावर पिती, तरी हातात हलकी लागती.

२ ऑगस्ट
पालक कापाया घेतला की पोरगी किंचाळती. आदी वाटलं भूक. आज मुद्दाम बघितलं. विळा ठिवला, गप. लावला, किंचाळली. मनगटावर बारीक लाल रेघ उटली, ह्यांना दावली. म्हनले, मुंगी चावली असंल.

६ ऑगस्ट
धोंडाबाईला नाळंचं सांगितलं. तिचं तोंडच उतरलं. म्हनली, मातीत पुरत्यात ती, माती तिला निजवती. पान्यात ती जागी ऱ्हाती. जा, काढ.
टाकीत खांद्यापतुर हात घातला. नाळ न्हाई घावली. पांढरी मुळं, कवळी, समद्या नळ्यांत गेल्याली. त्यांनी माजं बोट धरलं.
प्रगती धरती तसं.

९ ऑगस्ट
मुळं मरावीत म्हनून पानी फिरवनारी मोटर बंद केली. भाजीनं मान टाकली. पोरीनंबी. व्हट निळं. पळत जाऊन चालू केली, तवा रडली.
आज ह्यांनी सोता बघितलं. तिला उराशी धरून बसले.

१४ ऑगस्ट
कापनी बंद. शेडला कडी. पानी उतरंना, गढुळात मासंबी घावंना, वस्तीतला तांदूळ सरलाय. धोंडाबाईनं समद्यांना खरं सांगितलं. वाटलं, ऐकतील. एक जन म्हनला, तुजी एकलीच हाय, आमची घरभर हायती.

१६ ऑगस्ट
धोंडाबाईबी त्यांच्यात. नातवंडं भुकेली हायती तिची, दोस न्हाई देत. म्हनली, वरवर शेंडं कापू, लई लागनार न्हाई पोरीला —
प्रगती अंगावर पीत न्हाई आता.

१७ ऑगस्ट
दुपार. वस्तीतली समदी विळं घिऊन आल्यात. हे शेडच्या दाराला पाठ लावून — प्रगती मांडीवर. झोपंत हसली. पयल्यांदा.
कडी तुटली. हे पडले — उटंनात —
नळ्यांकडं गेली समदी. शेंडं न्हाई, बुडातनं धरल्यात — धोंडाबाई माज्याकडं बगत न्हाई —
तिनं डोळं उघडलं. माजं बोट घट्ट धरलंय, सोडंना. गप गं बाय, गप, काय न्हाई, आता —