नोव्हेंबरचा अर्ज

प्रिय हॅडली,

हे फोनवर लिहिलं असतं तर तू दुसऱ्याच ओळीला उत्तर ठोकलं असतंस. म्हणून कागद. आता निमूट शेवटपर्यंत वाच.

मी नोव्हेंबरचा अर्ज भरला, जानेवारीच्या गर्दीच्या आधीचा. हो, त्याच कॉलेजचा, तुला हवंय त्याच. काल जेवणाच्या सुट्टीत, शाळेच्या लायब्ररीत बसून. तिन्ही सह्या झाल्या: माझी, शाळेत अर्जांचं बघणाऱ्या पेल्टियरबाईंची आणि संध्याकाळी घरी बाबांची. बाबा नुकतेच बोटीवरून आले होते, आमिषाच्या माशांनी बरबटलेले हात दोनदा साबणाने धुऊन सहीला बसले. म्हणाले, म्हणजे त्यांनी घेतलं की जायचंच? बाकीचे सगळे अर्ज मागे? मी म्हटलं, हो. तर म्हणतात, अगं, हे तर लग्नापेक्षा पक्कं! आणि केली सही.

आता तू म्हणशील, जोसी, तू तर जानेवारीपर्यंत थांबणार होतीस. थांबणार होते खरी. त्या रविवारी तुमच्याकडे जेवताना कबूलच केलं होतं मी. तू कुत्र्याला फिरवायला गेलीस आणि तुझ्या आईने माझ्या ताटात मटणाचा दुसरा मोठा तुकडा वाढला. मग म्हणाली, तू काय बाई, हुशार! जानेवारीच्या गर्दीतही तुला उचलतील. आमच्या हॅडलीचं तसं नाही गं. आणि आपल्या शाळेतून ते एकालाच घेतात, तुला ठाऊक आहे. तोंडात बटाटा होता, मी मान डोलावली. माझं मेलीचं हे नेहमीचंच. कोणी प्रेमाने वाढलं की मला नाही म्हणता येत नाही.

घरी येऊन आठवडाभर चडफडत बसले. हुशार आहेस म्हणून रांगेत मागे उभी राहा, हे कुठलं गं बक्षीस? तुझे आजोबा तिथे शिकले, आई तिथे शिकली. जानेवारीतही तुला तिथे ओळखणारं कोणीतरी निघेल. माझं तिथे काळं कुत्रंसुद्धा नाही.

शेवटी पेल्टियरबाईंना विचारलं, एकालाच घेतात हे खरं का? त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, तीस वर्षं हेच ऐकतेय. मध्ये पाच वर्षं एकालाही घेतलं नाही, आणि एकदा जुळ्या बहिणींना घेतलं, दोघींना! पण आपलं गाव कसलं ऐकतंय! समुद्रात शेवंडं कुठे सापडतात ते इथे सख्खा भाऊ भावाला सांगत नाही, आणि मुलांच्या अर्जांचंही तेच. आपलं लपवायचं, दुसऱ्याचं गुपित काढून घ्यायचं, आणि भेटल्यावर गोड हसायचं. मला नाही जमत ते. म्हणून तुला आधी सांगतेय, दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत.

माफी मागत नाहीये मी. डिसेंबरच्या निकालात मला घेतलं तर मागणार नाही, नाही घेतलं तरी मागणार नाही.

पण रागावलेय मी, आणि कशावर तेही सांगते. त्या रविवारी कोट चढवून निघाले, तर तुझी आई दारात माझा हात धरून हळूच म्हणाली, बाबांना एकटं टाकून जायची भीती वाटते ना तुला? मग आत्तापासून कशाला बांधून घेतेस? हॅडली, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये, धक्क्यावर, रडत. बाबांनासुद्धा सांगितलं नव्हतं. तू नेमकी कुत्र्याला घेऊन का गेलीस, ते मला त्या दारात कळलं. बाबांना आता मी सगळं सांगून टाकलंय. ते म्हणाले, मी काय दूध पितो का? जा तू. तेव्हा ती भीतीही आता तुमच्या कामाची राहिली नाही. शनिवारपर्यंत मुदत आहे. तूही भर अर्ज, आणि हरव मला, मी टाळ्या वाजवीन. पण पुन्हा माझ्याकडे काही मागायचं असेल, तर आईला पाठवू नकोस. स्वतः ये.

तुझीच, अजून तरी,
जोसी