मिशन बंगल्यावरचे शुद्ध धडे

३ जानेवारी
शाळेचा राजीनामा दिला. हेडमास्तर म्हणाले, जरा विचार करा. म्हणालो, केला.
मिशन बंगल्यावर नवे पाद्री साहेब आले आहेत. त्यांना आपली भाषा शिकवायला जाणता माणूस हवा होता, मी मिळालो. नोव्हेंबरात कमिटीपुढे साहेबांची तोंडी परीक्षा. पास झाल्याशिवाय त्यांना कायमचं काम देत नाहीत. थोडक्यात, एका माणसाचं नशीब माझ्या हाती.
संकल्प. रोज पाचला उठणे. साहेबांना भाषा शुद्धच शिकवणे, बाजारू शब्द एकही नाही. माझं व्याकरणाचं पुस्तक वर्षअखेर पुरं करून मिशनच्या छापखान्यात देणे.
कुटुंबाला सांगितलं. म्हणाली, शाळेत काय वाईट होतं? तिला दूरदृष्टी नाही.

४ जानेवारी
साडेसातला उठलो. थंडी फार.

९ जानेवारी
पहिला लेसन. साहेब उंच, काटकुळे, बोलताना कानापर्यंत लाल होतात. माणूस सज्जन. दोन तासांत प्रथमा आणि द्वितीया झाली. मडमबाई शेजारी पेटाऱ्यातून कपबशा काढत होत्या. त्यांनी विचारलं, मीही बसू का. मी साहेबांमार्फत कळवलं की व्याकरण हा बायकांचा प्रांत नव्हे. मडमबाई हसल्या. समजलं नसावं.

२ फेब्रुवारी
चष्मा घरी राहिला. कुटुंब द्यायला आली, तर मडमबाईंनी तिला मागच्या व्हरांड्यात बसवून घेतलं. एकीचं एक अक्षर दुसरीला कळत नाही, तरी तास-दीड तास बसल्या. मला जेवायला उशीर.

२० फेब्रुवारी
साहेबांची प्रगती उत्तम. 'भूक' हा शब्द त्यांना मी कळूच दिलेला नाही. काल त्यांनी स्वयंपाक्याला आपण होऊन सांगितलं, मी क्षुधित आहे. स्वयंपाक्याने घाबरून त्यांना अंथरुणात निजवलं आणि मिशनच्या डॉक्टरला आणलं. डॉक्टरने दिवसभर लंघन सांगितलं. आज साहेब धड्याला बसले तेव्हा चेहरा पांढराफटक. वाक्यात चूक नव्हती. स्वयंपाक्याचं शिक्षण कमी, त्याला मी काय करणार?

१४ मार्च
कुटुंब रोज दुपारी बंगल्यावर जाते. मशीनवर शिवण शिकते म्हणे. विचारलं, तुम्ही बोलता कशात? म्हणाली, तोंडाने.
व्याकरणाचं पुस्तक: प्रस्तावना चौथ्यांदा फाडली. पाया पक्का हवा.

११ मे
मडमबाईंची आई तिकडे वारली. पत्र यायला दोन महिने लागले. कुटुंब सकाळीच गेली ती दिवेलागणीला परतली. डोळे सुजलेले. इतका वेळ काय बोललात, विचारलं. म्हणाली, काही नाही, ती तिच्या आईचं सांगत होती, मी माझ्या.
मीही कर्तव्य केलं. साहेबांना दोन पानी सांत्वनपत्र लिहिलं. असं गद्य आजकाल कोणी लिहीत नाही.

१५ मे
साहेबांनी पत्र वाचून संपवलं. कोश घेऊन चार दिवस बसले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, हा उतारा परीक्षेला फार उपयोगी पडेल.

२७ जुलै, रविवार
आज साहेबांचं आपल्या भाषेतलं पहिलं प्रवचन. विषय हरवलेलं मेंढरू. मसुदा अर्थात माझा. 'हे भ्रातृजनहो, कोण्या एका मेषपालाचा एक मेष गहाळ झाला,' अशी सुरुवात. प्रार्थनाघरात चाळीसेक माणसं. साहेबांचा एक शब्द चुकला नाही. मी पहिल्या बाकावर डोळे मिटून ऐकत होतो.
डोळे उघडले तेव्हा निम्मी माणसं उठून बाकांखाली वाकली होती. साहेबांचं काहीतरी गहाळ झालंय, एवढंच सर्वांना कळलं होतं. रखवालदाराने एक छत्री आणून टेबलावर ठेवली. कुणीतरी किल्ली आणली. एका म्हातारीने मोजा आणला, एकच. साहेबांनी तो हातात घेतला आणि त्यांना पुढचं वाक्य आठवेना.
तेव्हा मडमबाई उठल्या. म्हणाल्या, बसा बाबांनो, मी सांगते. एका धनगराचं मेंढरू मेलं कुठे कडमडलं कोण जाणे, त्याच्या घशाखाली घास उतरेना. व्याकरण औषधाला नाही. लोक मात्र गपगार. मोजेवाल्या म्हातारीने मध्येच विचारलं, मग सापडलं का हो? मडमबाई म्हणाल्या, सांगते ना, धीर धरा.
'मेलं कुठे कडमडलं' ओळखीचं वाटलं. मला यायला उशीर झाला की घरात हेच ऐकू येतं. योगायोग.

२८ जुलै
साहेबांनी विचारलं, मास्तर, थोडे सोपे शब्दही घेऊ या का? मी साफ नाही म्हणालो. आता ढिलं सोडलं तर परीक्षेत हसं होईल. साहेब खिडकीबाहेर पाहत बसले. आपण इथे आलो कशाला, असं काहीसं त्यांच्या भाषेत पुटपुटले. मी तृतीया सुरू केली.

६ सप्टेंबर
वैताग. साहेब तास बुडवून स्वयंपाकघरात जाऊन उभे राहतात. स्वयंपाक्याशी खाणाखुणा करून हसतात. मी बैठकीत एकटा. निषेध म्हणून आज दहा मिनिटं आधी निघून आलो. कुणाच्या लक्षात आलं नाही.
पुस्तक: प्रस्तावना झाली. पण नको होती असं वाटतंय.

१८ नोव्हेंबर
परीक्षा. कमिटी बंगल्यावरच आली होती. तीन वयस्कर पाद्री, पैकी एक तीस वर्षं इथे मुरलेले. मी बाहेरच्या बाकावर, दाराला कान लावून.
मुरलेल्या पाद्रींनी सहज विचारलं, काय, बोटीचा प्रवास कसा झाला? साहेब उभे राहिले आणि त्यांनी 'प्रवास' आठही विभक्तींत चालवला. प्रवास, प्रवासास, प्रवासाने, थेट 'हे प्रवासा'पर्यंत. माझा ऊर भरून आला.  मग आत कुणीतरी म्हणालं, फारच हाल झालेले दिसतात.
साहेब नापास. सहा महिन्यांनी एकदा शेवटची संधी. नाही जमलं तर परतीची बोट.
मग मडमबाई चहा घेऊन आत गेल्या. मुरलेल्या पाद्रींनी त्यांना काहीतरी विचारलं, तर पाव तास आत नुसता हशा. शेवटी त्यांनी विचारलं, बाई, हे शिकलात कुठून? मडमबाई म्हणाल्या, मास्तरांच्या घरून.
हे मी स्वतः ऐकलं. म्हणजे अखेर श्रेय आलंच.

२ डिसेंबर
कमिटीचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. मडमबाईंना ज्यांच्याकडून भाषा आली त्यांचा मोठा गौरव आहे. साहेबांना शिकवण्याचं काम त्यांच्याकडे सोपवावं, शिवाय जानेवारीत येणारं नवं पाद्री जोडपंही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पत्र अर्धंच वाचलं होतं तरी राहवेना. तसाच न्हाव्याकडे गेलो, दाढी करवून घेतली, त्याला सांगितलं. हेडमास्तर वाटेत भेटले, त्यांनाही सांगितलं.
घरी येऊन पान उलटलं. तिथे कुटुंबाचं नाव आहे.
पत्र व्याकरणाच्या वहीत ठेवलं.

५ डिसेंबर
कुटुंबाला वाचता येत नाही. तीनदा विचारून झालं, मिशनच्या पत्रात काय आहे? पहिल्यांदा म्हणालो, व्याकरणाच्या काही शंका आहेत. मग म्हणालो, अक्षर लागत नाही. तिसऱ्यांदा म्हणालो, डोकं दुखतंय. ते खरं होतं.

६ डिसेंबर
साहेब घरी आले. एकटे, पायी. ओट्यावर माझ्याशेजारी बसले, कानापर्यंत लाल.  मग म्हणाले, मास्तर, राग नका धरू. तुम्ही खूप मेहनत घेतली. मलाच जमलं नाही.
नापास झाल्यापासून स्वयंपाकघरातच असतात म्हणे. वाक्यं साधी होती. मी सवयीने चूक शोधली. सापडली नाही.
ते गेल्यावर कुटुंबाला हाक मारली. म्हणालो, बस. पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. तिचं नाव आलं तिथे थांबावंसं वाटलं, पण थांबलो नाही. पूर्ण वाचलं. ती पदराला हात पुसत होती, ते हात तसेच राहिले. म्हणाली, परत वाचा. परत वाचलं. मग म्हणाली, हे खरंच माझं नाव आहे का, दाखवा कुठे आहे. मी बोट ठेवलं. तिने त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाली, अहो, पण मी त्यांना शिकवू काय? मला काय येतं?
मी पुष्कळ विचार केला. म्हणालो, तू नुसती बोलत जा.
म्हणाली, तुम्हाला चालेल ना?
म्हणालो, हो. यावर अजून काही लिहिणार होतो, सुचत नाही.

८ डिसेंबर
तिचा पहिला दिवस. दहाची वेळ. साडेनऊपासून तिला धीर नाही, म्हणून म्हणालो, चल, मी येतो बरोबर. वाटेत मी तिला दोन-तीन सूचना दिल्या. तिने ऐकल्या नसाव्यात. बंगल्याच्या पायऱ्यांवर साहेब वही-पेन्सिल घेऊन उभेच होते.
फाटकाशी रखवालदाराने तिला या बाई म्हणून आत घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, मास्तर, आज आपलं काय काम?
म्हणालो, काही नाही. हिला पोचवायला आलो होतो.