चौथ्या पानावरची मराठी ओळ

मंगळवार, संध्याकाळ. आकुर्डी.

माझा रिसर्च पेपर जर्नलमध्ये छापून आला. कॉलेजात विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं, पेढाही दिला. घरी येऊन नीट उघडून पाहिला आणि चौथ्या पानावर नजर अडकली. इंग्रजी मजकुराच्या मधोमध माझीच मराठी ओळ: "हे रीडिंग चुकलंय, निघोजेला जाऊन परत घ्यायचं."

स्वतःसाठी लिहिलेली टीप. घाईत मी कच्चाच मसुदा पाठवला होता. चूक माझीच. पण जर्नलच्या दोन रिव्ह्यूअरनी तो दोन दिवसांत वाचला म्हणे, आणि शेरा दिला, 'उत्कृष्ट'. ही ओळसुद्धा?

संपादकांना लगेच कळवलं. तासाभरात उत्तर आलं, पुढचा पेपर कधी पाठवताय? विभागप्रमुखांना फोन केला तर ते हसले. "अहो मॅडम, वाचतंय कोण? प्रमोशनच्या फाइलला लावा आणि मोकळ्या व्हा."

लावणार आहे का मी? बहुतेक लावेन. भांडायचं त्राण नाही आता. पण रीडिंग चुकलेलं आहे, ते आहेच.

निघोजेच्या कंपनीत ज्यांच्या मशीनवर ही मोजमापं घेतली, त्या शेखभाईंना शब्द दिला होता म्हणून दुपारीच पेपर पाठवला होता. आत्ता त्यांचा फोन आला.

"मॅडम, इंग्रजी काय आपल्याला समजलं न्हाई. पण ती मराठी ओळ वाचली. शनिवारी माझी फर्स्ट शिफ्ट हाय. येताय ना परत रीडिंग घ्यायला?"