तारा मागच्या बाजूने

७ फेब्रुवारी १९८८, रविवार
लावल्या! दातांना तारा, त्याही मागच्या बाजूने. पुढून काही म्हणजे काही दिसत नाही. मुंबईचे डॉक्टर महिन्यातून दोन रविवार चिपळूणला येतात. त्यांनी आधीच सांगितलं होतं – पुढून लावल्या तर दिसतील, पण जीभ मोकळी राहील. मागून लावल्या तर लपतील, पण बोलणं अडखळेल. मी म्हटलं, लपवा. चौतीस वर्षं हे पुढे आलेले दात झाकतेय, त्यावर आणखी तारा कोण मिरवणार?

आई म्हणाली, "आता ह्या वयात कोनाला दाखवायचेत गो?"
कोणालाच नाही. मला हवेत, माझ्यासाठी.

८ फेब्रुवारी
जीभ सोलवटली. दिवसभर नुसती पेज.

९ फेब्रुवारी
लोटे गावातल्या कंपनीत अकरा वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसतेय. तिथे तोंड कुणी बघत नाही, आवाज मात्र सगळे ओळखतात. म्हणून तर ही नोकरी मला एवढी आवडते! आज त्याच आवाजाने दगा दिला. स नाही, च नाही, काही धड निघेना. मुंबई ऑफिसातून विचारणा – बाई, तोंडात पान आहे का?

१२ फेब्रुवारी
साहेबांनी बोलावलं. बोर्डावर विमला बसेल, मालनबाई, तुम्ही आवक-जावक लिहा. किती दिवस? स्वच्छ बोलाल तेव्हा बघू. बघू म्हणे! विमलाला शिकवलं कोणी? मीच.
फार लागलं. डबा तसाच घरी आणला. आई म्हणते, काढून टाक त्या तारा. नाही काढणार. दातही हवेत आणि बोर्डही!

१७ फेब्रुवारी
कंपनीच्या बसची वाट बघत, जीभ वळावी म्हणून रोज सातचा पाढा म्हणते, मोठ्याने. लोक बघतात. बघोत. आज मासेवाली धोंडूबाई टोपली खाली ठेवून जवळ आली – तोंडाला काय झालंय? मान मागे टाकून आ केला. तिने वाकून, नीट आत बघितलं.
"मागं कशाला लपवल्यास? चोरीच्या हायत काय?"
बस आली. दिवसभर आवक-जावक लिहिताना तेच डोक्यात.

२२ फेब्रुवारी, सोमवार
काल डॉक्टरांना म्हटलं, मागच्या काढा, पुढून लावा.
आज साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले. "सांगा साहेब – चिपळूण, सावर्डे, संगमेश्वर, कुठे जोडून देऊ?" सगळं स्वच्छ! आणि हसले, तोंडावर हात न धरता. साहेब तारांकडेच बघत राहिले.
विमलाने खुर्ची सोडली.