बाबांचा पगार

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या नावे कर कार्यालयाचं बोलावणं तुझ्या घरी आलं म्हणजे तू चांगलीच भडकली असशील. आधीच कान पकडतो. खोक्यांच्या कारखान्याची कंपनी केली तेव्हा मी बाबांना संचालक केलं होतं, आठवतं? सह्या तूच घेऊन पाठवल्या होत्यास. कंपनीच्या नफ्यावर एकदा कर भरायचा आणि उरलेलं घरी आणलं की माझ्यावर पुन्हा कर! म्हणून हिशेबनिसाने वाट काढली. गेली तीन वर्षं आम्ही बाबांना पगार दाखवतो. पगार हा कंपनीचा खर्च, म्हणून नफा कमी दिसतो. आणि बाबांच्या वयाला कर जवळजवळ पडतच नाही. त्यांच्या खात्यातले पैसे मीच काढतो. ही तीन वर्षं त्यांचं विवरणपत्रही हिशेबनीसच भरतो, त्यामुळे त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

पगार कसल्या कामाचा, असं तिथे विचारतील. त्यांनी एवढंच सांगायचं, की अधूनमधून कारखान्यात जाऊन तयार माल मी तपासतो. नाहीतर दंड, वर खटला. कारखान्याला टाळं लागेल. अकरा जणांची घरं त्यावर चालतात, माझं धरून बारा. तुझं ते ऐकतात.

राग धरू नकोस.
तुझा,
धाकटा


ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

नस्तं लचांड माझ्या गळ्यात मारून मोकळा झालास! मला काही समजावता येईना, म्हणून तुझं पत्रच बाबांच्या हातात दिलं. दोनदा वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, वही आण.

आता ब्याऐंशीव्या वर्षी अभ्यास चाललाय. पुठ्ठा किती पदरी, दमट हवेत चिकटवण कशी सुटते, सगळं पाठ. मास्तर ते मास्तरच! मला प्रश्न विचारायला लावतात. काल एका उत्तराला अडखळले तेव्हा मला हसू फुटलं, आणि मग माझीच मला लाज वाटली. आई थट्टेने म्हणायची, हे लग्नाला उशिरा आले, पण कर भरायला कधी नाही. त्या माणसाला तू काय करायला लावतोयस, कळतंय का तुला?

जेवणाकडे लक्ष दे.
तुझी,
ताई


ता. २० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू सुटलास. अधिकारी बाई तरुण होत्या. बाबांनी शपथ घेतली आणि सगळं बिनचूक सांगितलं. मग बाईंनी विचारलं, पगाराच्या पैशाचं काय करता? हा प्रश्न आमच्या वहीत नव्हता. बाबा म्हणाले, मुलाला देतो. तेवढं एकच खरं होतं.

बाबांनी आपल्या विवरणपत्रांची फाईल नेली होती. चाळीस वर्षांत एकदाही मुदत चुकलेली नाही, हे बाईंनी पाहिलं. सगळे तुमच्यासारखे असते तर आम्हाला कामच उरलं नसतं, असं म्हणाल्या. या वयात त्रास दिला म्हणून माफी मागितली आणि दारापर्यंत सोडायला आल्या. रिक्षात बाबा माझ्याकडे न बघता रडत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तुझा मला फार राग आलाय, धाकट्या.

ताई


ता. २२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. ताईने अडवून पाहिलं, तिला दोष देऊ नकोस. चुकवलेला कर भरायचा की नाही, ते तुझं तू ठरव. माल मी तपासतो असं मी शपथेवर सांगितलं आहे, तेव्हा तो तपासायला हवा. बांधणीच्या टेबलापाशी एक स्टूल ठेव, फार वेळ उभं राहवत नाही. कामगारांना माझी ओळख सांगू नकोस, काम मात्र नीट दाखवायला सांग. तुझं खोकं मी अजून हातात धरलेलं नाही.

पगार तीन वर्षांचा घेतला आहे. माझ्याच्याने तेवढं काम पुरं होईलसं वाटत नाही. जेवढे दिवस कमी पडतील, तेवढं खोटं माझ्या नावावर राहील.

प्रकृतीस जपावे.
तुझे,
बाबा