युलाली आता फिरून येणार नाही

आईला, लेकीचा लांबून मुका.

मी खुशाल आहे. वादळांची नावं ठरवणाऱ्या समितीच्या या बैठकीत जेवण भरपूर असतं, फक्त भाजलेला नीरफणस नाही. तुझा गुडघा कसा आहे?

बातमी अशी, की चक्रीवादळांच्या यादीतून तुझं नाव काढलं. सहा वर्षांनी पुन्हा एखाद्या वादळाला 'युलाली' म्हणणार होते, ते आता कधीच नाही. गुत्त्यावरची मंडळी "युलालीबाई, आमचं छप्पर परत द्या" म्हणाली, तर सांग, "मी आता निवृत्त झालेय."

मागणी मीच मांडली. हे माझ्या आईचं नाव आहे, हेही आधीच सांगून टाकलं. त्या वादळात गेलेल्यांसाठी मागतेय की आईसाठी, माझं मलाच कळत नव्हतं. शेजारच्या बेटाचे ग्रेगोरियो म्हणाले, "मग बाईंना पेन्शन सुरू करा!" सगळे हसले.

मग कुणीतरी विचारलं, "पण तुमच्याकडे बुडाली एकच बोट ना?"

"एकच," मी म्हटलं. "तिच्यात सेप्टिमस काका होते. त्यांची बायको अल्विना माझ्या आईची लहानपणापासूनची मैत्रीण. तेव्हापासून ती आईला नावाने हाक मारत नाही, 'अगं शेजारणी' म्हणते."

हात वर झाले.

नवं नाव ठरवताना अध्यक्षांनी आधी खात्री करून घेतली, "हे कुणाच्या आईचं नाही ना?"

अल्विना मावशीला तू आपणहून सांगायला जाऊ नकोस. रेडिओवर ऐकेल ती. कुंपणापलीकडून नावाने हाक आली, तर हातातलं काम टाकून ओ दे. नाही आली, तर 'शेजारणी' या हाकेलाही रोजच्यासारखीच ओ दे.

तुझी,
इग्नेशिया