जावळ काढून बँकॉकला

३ मे, रविवार

माणशी सात किलो सामान. आणि सासूबाई विचारतायत, बेसनाच्या लाडवांचा डबा कुठल्या बॅगेत टाकू.

चौदा तारखेचा गुरुवार ते रविवार, तीन रात्री बँकॉक. सेलमधली तिकिटं, माझ्या भिशीतून, माझी मी काढलेली. तरी घरात प्रत्येकाला मत आहे. पाच वर्षांच्या पोरीला तिकडचं काय कळणार, म्हणे. मला जायचंय, आणि ती माझी पोर आहे म्हणून बरोबर येतेय. पंधरा वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतेय, महाबळेश्वरच्या पुढे गेलेली नाही. कळणारे लोक कुठे कुठे जाऊन आलेत ते तरी सांगा.

शाळेला सुट्टी, म्हणून ओवी आज आजी-आजोबांबरोबर पाटणकडे गावाला गेली, आठवडाभर. निघताना दोन वेण्या घातल्या. केस कमरेला टेकलेत, जन्मापासून कात्री लागलेली नाही. पहिल्या वर्षी जावळ काढायचं तर सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, तिसऱ्या वर्षी सुतक. मुलींचं सगळीकडे काढत नाहीत, पण आमच्या सासरी देवाला मुलगा-मुलगी सारखे. समानता तेवढ्यापुरतीच. मग मीच म्हटलं, राहू द्या आता. पासपोर्टच्या फोटोतही त्याच दोन वेण्या आहेत.

१० मे, रविवार

टक्कल.

माझा नवरा नितीन काल सगळ्यांना आणायला गावी गेला होता. दार उघडलं तर समोर टोपी घातलेलं कोणाचं तरी पोरगं. वाटलं शेजारचं असेल. त्याने टोपी काढली आणि म्हणालं, "आई, हात लाव ना, गुळगुळीत."

हात लावला. छान आहे म्हटलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

परस्पर! मला न विचारता! डोंगरावर कुलदैवताला नेलं, न्हावी बोलावला, नैवेद्य, भावकी, पंगती, सगळं साग्रसंगीत. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात, म्हणून मामाही हजर. म्हणजे माझा सख्खा भाऊ. प्रसाद कामोठ्याहून सुट्टी टाकून गेला, भाचीला नवा फ्रॉक नेला, आणि बहिणीला साधा फोन नाही. मीच लावला. म्हणाला, दाजी बोलले की ताईला सगळं माहितीये, तिला रजा नाही मिळाली. घ्या. म्हणजे नवरासुद्धा सामील. शनिवारी "आणायला" गेला तो याच्यासाठी.

नितीनला विचारलं तर म्हणे, तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग? विचारणं म्हणजे काय असतं रे दुसरं?

११ मे, सोमवार

आप्पांशी, म्हणजे सासऱ्यांशी, बोलणं बंद करायचं ठरवलं होतं. आठ वाजेपर्यंत टिकलं. तीस वर्षं वाशी मार्केटात पाठीवर गोण्या वाहिलेला माणूस, घरात त्यांना कोणी उलट बोलत नाही. मी बोलले. पोर माझी, डोकं तिचं, तुम्ही कोणाला विचारलंत?

पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "रविवारपास्नं अधिक लागतोय. मग म्हैनाभर काय करता येत न्हाई. आन् लेकरू समुद्रापल्याड चाललंय. देवाचं देणं ठिवून कसं पाठवायचं?"

म्हटलं, देव काय बँकॉकला वसुलीला येणार होता का? सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. ठेवा. अंधश्रद्धा नुसती. मी सायन्सची बाई आहे, मला असलं सांगू नका.

आता टेन्शन पासपोर्टचं. फोटोत वेण्या, हातात टकली पोरगी. नितीन म्हणतो, कोणी बघत नाही गं.

१४ मे, गुरुवार. बँकॉक

बघितलं. एअरपोर्टवरच्या साहेबांनी फोटो बघितला, ओवीला बघितलं, परत फोटो. मुंडन केलंय म्हटल्यावर हसले आणि ठप्पा मारला. तीन दिवस मी उत्तरं पाठ करत होते, आणि त्यांचं अर्ध्या मिनिटात काम. हाही रागच आला.

हॉटेल आम्ही बुक केलं होतं ते बिनखिडकीच्या खोलीचं, सगळ्यात स्वस्त. काउंटरवरच्या बाईने ओवीकडे बघितलं, हात जोडले, नितीनशी काहीतरी बोलली आणि आम्हाला वरच्या मजल्यावर मोठी खोली दिली. खिडकीतून कालवा दिसतो. नाश्ताही फुकट. मी बॅगा सांभाळत मागे होते. किती चांगली माणसं, असं नितीनला तीनदा म्हणाले. तो "हो ना" म्हणाला.

ओवी खिडकीतून हलत नाही. बोटी मोजतेय.

१५ मे, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी मत्स्यालय. रांग फुटपाथपर्यंत. तिथल्या मुलाने आम्हाला बाजूच्या दाराने आत घेतलं. वाटलं, लहान मूल आहे म्हणून. पण बाकीच्यांचीही लहान मुलं रांगेत होती. दुपारी बोटीत एक म्हातारी उठून उभी राहिली, ओवीला बसवलं, पर्समधली शोभेची पिन काढून तिच्या फ्रॉकला लावली. माझ्या तरीही डोक्यात शिरलं नाही. सायन्सची बाई!

मग आइस्क्रीमची गाडी. बाई पैसे घेईना. स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून तिने विचारलं, "सिक?" आणि माझा नवरा मान खाली घालून म्हणाला, "येस. बट बेटर नाऊ."

मला आधी वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. कळला होता. हॉटेलातही हेच. मत्स्यालयातही हेच.

रस्त्यातच भांडले. म्हणाला, मी कुठे काय मागितलं, ते स्वतःहून देतायत. जावळ इंग्लिशमध्ये समजावत बसू का प्रत्येकाला? तुझीच टाच दुखत होती ना रांगेत? मोठी खोली तुलाच आवडली ना?

म्हटलं, अरे, ज्यांची पोरं खरंच कॅन्सरमधून जातायत त्यांची रक्तं मी काढते रोज. त्या आया माझ्याकडे कशा बघतात तुला माहितीये? म्हणाला, चिल, परवा निघायचंच आहे.

चिल. आप्पांनी निदान देवाचं नाव घेऊन केलं.

उद्या सकाळी काउंटरवर जाऊन खरं सांगणार. खोली बदलली तर बदलली.

१६ मे, शनिवार

गेले. ओवीला घेऊन गेले, म्हणजे माघार घेता येणार नाही.

मी तोंड उघडायच्या आधी ती बाई काउंटरमागून बाहेर आली. देवळातून आणलेला पांढरा दोरा होता तिच्याकडे. गुडघ्यावर बसून ओवीच्या मनगटाला बांधला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. तिच्या भावाचा मुलगा गेला होता म्हणे यातच, दोन वर्षांपूर्वी. मोबाइलवर फोटो दाखवला. मग मला विचारलं, डॉक्टर काय म्हणतात, बरी होईल ना?

मी थँक यू म्हटलं.

एवढंच. थँक यू. तिचे डोळे भरले होते, त्यात खरं सांगितलं असतं तर तोंड कुठे लपवलं असतं. आणि खोली काढून घेतली तर ओवी रडेल, हेही आलं मनात. आलं तर आलं, इथे तरी खोटं लिहीत नाही.

दिवसभर काय बघितलं आठवत नाही. सोन्याचं काहीतरी होतं.

१७ मे, रविवार

घरी. नितीनने फॅमिली ग्रुपवर ऐंशी फोटो टाकले. खिडकीचा फोटो सगळ्यांना आवडला. प्रसादने विचारलं, एवढ्या बजेटमध्ये अशी खोली कशी मिळाली? नितीनने डोळा मारणारा चेहरा टाकला.

मी ग्रुप म्यूट केला.

१८ मे, सोमवार

ओवीला ताप, एकशे एक. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, विमानातल्या एसीने झालं असेल, पॅरासिटामॉल द्या.

माझी आई म्हणायची, लेकरांबद्दल अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी लग्नाआधी त्यावर हसायचे.

दुपारी ओवीला लॅबमध्ये नेलं आणि सीबीसीसाठी रक्त काढलं. कोणत्याही डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. पोर ओरडली, "आई, तू का टोचतेस?" काउंट नॉर्मल. तरी सँपल दुसऱ्यांदा मशीनला लावलं. परत नॉर्मल. मग कुठे मशीन सोडलं. मीच आप्पांना अंधश्रद्धा म्हणाले होते ना? थापा नवऱ्याच्या, आणि सुई माझ्या लेकराला. हे मी केलं, बाकी कोणी नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी अडवलं नाही.

१९ मे, मंगळवार

ताप उतरला. ओवी खिचडी खाऊन बसली आणि आजीला बँकॉकच्या गोष्टी सांगायला लागली. मासे, बोट, आइस्क्रीम. मग म्हणाली, तिकडे पळायचं नसतं. सासूबाई म्हणाल्या, का गं? तर म्हणे, बाबा म्हणाला, लोक बघतायत तोवर हळू चालायचं, आजारी मुलं पळत नाहीत. माझे केस आजारात गेले ना.

नितीन मोबाइल घेऊन बाल्कनीत.

आप्पांनी मलाच विचारलं. सांगितलं सगळं, थँक यूसकट. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "म्या केस देवाला दिलं, सूनबाई. तुमी तिकडं काय इकून आला?"

माझ्या अंगाची आग झाली. तुम्ही न विचारता वस्तरा फिरवलात म्हणून हे सगळं, असं ओरडले मी. खरंही आहे ते. त्यांना अजून त्यात काही चूक वाटत नाही. पण त्यांच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं, हे ओरडतानाच कळत होतं.

नितीनला म्हटलं, हॉटेलच्या बाईला मेल लिही. म्हणे, वेडी आहेस का, ती विसरलीसुद्धा असेल.

२० मे, बुधवार

लॅबला दांडी. ओवीला मांडीवर घेऊन नीट सांगितलं. तू आजारी नव्हतीस. केस देवासाठी काढले, परत येणार. तिकडच्या लोकांना चुकीचं वाटलं, आणि बाबाने ते तसंच राहू दिलं. बाबाचं चुकलं.

तिने लक्ष देऊन ऐकलं. म्हणाली, "मग दोरावाल्या मावशीला तू का नाही सांगितलंस?"

म्हटलं, बाबाने आधीच तिला सांगून ठेवलं होतं ना.

"पण तिने बाबाला नाही विचारलं. तुला विचारलं."

थांब, पाणी आणते, म्हणून उठले ती इकडे आत येऊन लिहीत बसलेय. मेल उघडून ठेवलाय, "डिअर मॅडम" च्या पुढे गेलेला नाही. ओवी दोनदा दारात येऊन बघून गेली.